नानांचं पाऊल

नानांना कुणी वजनकाटा भेट दिला, तर ते आधी त्या काट्याचं वजन करतील. त्यांच्या घरी गॅसचा सिलिंडर उंबरठ्याच्या आत येण्यापूर्वी स्प्रिंगच्या काट्याला लटकतो. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. ते नाना चष्मा कपाळावर सारून वाचतात, त्यात १४.२ मिळवतात आणि मगच पोऱ्याला म्हणतात, "हं, ठेव आत." पेट्रोल पंपावर गिऱ्हाइकानं मागितलं तर पाच लिटरचं माप लावून दाखवावं लागतं, हे आपल्याला ऐकून तरी माहीत असतं. नानांची स्कूटर वळणावर दिसली की पंपावरचा पोरगा ते माप आधीच बाहेर काढून ठेवतो.

असा एक माणूस प्रत्येक आळीत असतो. कुणी दुधात लॅक्टोमीटर बुडवतो, कुणी विजेच्या मीटरचा आकडा रोज रात्री कॅलेंडरवर टिपतो, कुणी दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसण्याआधी पंगतीतली पानं मोजतो. पण या जमातीत नानांना मानाचा पाट, कारण बाकीचे हे हौसेनं करतात आणि नानांनी आयुष्यभर पगार घेऊन केलं. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सातारा जिल्ह्यात असा तालुका नसेल जिथल्या बांधावर उभं राहून त्यांनी शिव्या खाल्ल्या नाहीत. "दोन्ही भाऊ सारखेच चिडले की समजायचं मोजणी बरोबर झाली," हा त्यांचा अनुभव. लोकांची शेकडो एकर जमीन मोजलेल्या या माणसाच्या नावावर घराखालची जागा सोडली तर एक गुंठा जमीन नाही. गुंठा म्हणजे तेहेतीस फुटी साखळीचा चौरस, १०८९ चौरस फूट. हे मी मुद्दाम इथेच सांगून टाकतो, नाहीतर ते हा लेख वाचून सांगायला येतील.

नानांची दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, "कागदावरचं सांगू नकोस, जागेवरचं बोल." आणि दुसरं, "निमताना करू." मोजणी मान्य नसलेल्याला वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, ती निमताना मोजणी. खात्यातली ही सोय नानांनी निवृत्त होताना घरी आणली. त्यांच्या पत्नी माई म्हणाल्या आमटीत मीठ पडलंय, की निमताना. जावई म्हणाला पुण्याहून दोन तासांत आलो, की निमताना. जावई आता किती वाजता निघालो ते सांगतच नाही.

असे हे नाना साठी उलटल्यावर पळायला लागले. साताऱ्यात २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि बघता बघता गावाला पळण्याचा नाद लागला. पूर्वी भल्या पहाटे यवतेश्वरच्या घाटात दिसायचे ते दूधवाले. आता पोपटी आणि गुलाबी बुटांतले डॉक्टर, सराफ, वकील, एलआयसीचे एजंट आणि नव्यानं लग्न झालेली जोडपी धापा टाकत चढत असतात. त्यांच्यात खाकी हाफपँट, कॉलरचा शर्ट आणि कानटोपी घातलेले नाना ओळखू येतात. शर्टाला दोन खिसे लागतात. डाव्यात वही, उजव्यात पेन्सिल. पेन का नाही, तर दव पडलं की शाई फुटते.

गेल्या वाढदिवसाला पुण्याच्या मुलानं त्यांना मनगटावर बांधायचा बँड पाठवला आणि आमच्या आळीची शांतता गेली.

पहिल्याच दिवशी बँडनं नानांचं वय, वजन आणि उंची विचारली. नानांनी सांगितली, उंची १६५ सेंटिमीटर. मग ते बँड बांधून घरापासून राजवाड्यापर्यंत जाऊन आले, आणि बँडनं जे अंतर दाखवलं ते बघून थेट माझ्या दारात. "हे बघ. हा मला फुकट अंतर देतोय."

त्यांना कमी मिळालं असतं तर एकवेळ ते गप्प बसले असते. जास्त मिळालेलं त्यांना सहन होत नाही.

आता यात बँडचा तसा दोष नाही. या साध्या बँडात उपग्रहाशी बोलणारं काही नसतं. आत एक इवलासा संवेदक असतो, तो हाताचे हेलकावे टिपतो, त्यातून पावलं मोजतो आणि पावलाच्या लांबीनं गुणतो. अंतर म्हणजे एवढाच गुणाकार. पावलाची लांबी तुम्ही स्वतः भरली नाहीत तर ती उंचीवरून काढली जाते. चालण्यासाठी एक सूत्र सर्रास वापरतात : पुरुषाची उंची गुणिले ०.४१५, बाईची गुणिले ०.४१३. नानांचं पाऊल यात साडेअडुसष्ट सेंटिमीटर येतं. पळताना ते वाढतं, पण किती वाढतं हाही अंदाजच.

"अंदाज?" नाना म्हणाले. "उंच माणसाचं पाऊल लांबच असतं हे याला कुणी सांगितलं? आमचे एक साहेब होते, सहा फुटांचे. टेबलापासून दारापर्यंत यायला त्यांना अर्धा दिवस लागायचा. पक्षकार कंटाळून घरी जायचे."

त्यांनी मुलाला फोन लावला. मुलानं बँडसोबतचा कागद वाचून सांगितलं, की माहीत असलेल्या अंतरावर पळा, पावलं मोजा, अंतराला पावलांच्या संख्येनं भागा आणि येईल तो आकडा भरा.

"माहीत असलेलं अंतर," नाना म्हणाले. "कुणाला माहीत असलेलं?"

हिंजवडीत मीटिंगमधून उठून फोन घेतलेल्या मुलाकडे याचं उत्तर नव्हतं.

गावातल्या एका मैदानावर शालेय स्पर्धांसाठी फक्कीनं चारशे मीटरचा ट्रॅक आखलेला होता. दुसऱ्या कुणीही त्यावर एक फेरी मारून विषय संपवला असता. नानांनी काडीनं मातीत आकृती काढली. सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५०. पण पळणारा काही कडेच्या रेषेवरून पळत नाही, म्हणून पहिल्या पट्ट्यात कडेपासून तीस सेंटिमीटर आत धरून चारशे मीटर भरतात. दुसऱ्या पट्ट्यातून पळालात तर फेरीमागे सात मीटर जास्त. "गावातली अर्धी माणसं दुसऱ्या पट्ट्यातून पळतात आणि पहिल्याचा हिशेब सांगतात," हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं, ते मी त्यांच्या सख्ख्या भावाच्या तेराव्यालाही पाहिलं नव्हतं.

मग टेप आली. पोलादी, शंभर मीटरची. मोजायचं उजाडताच, कारण उन्हात पोलाद वाढतं. वीस अंशांचा फरक पडला तर शंभर मीटरला दोन सेंटिमीटरच्या वर. टेपचं एक टोक नानांच्या हातात आणि दुसरं अर्थातच माझ्या. मी पळायला जातो असं घरी सांगतो खरा, पण त्यातला बराचसा वेळ टेपचं टोक धरून वाकण्यात जातो. पाठीला व्यायाम होतो. "ताण दे. झोळ पडलाय. अरे, एवढा नको, तुटेल!" मैदानाची मोजणी संपल्यावर नानांनी वहीत पंचनामा लिहिला आणि त्यावर पंच म्हणून माझी आणि चहावाल्याची सही घेतली. ट्रॅक फेरीमागे नऊ सेंटिमीटर आखूड निघाला. नानांना इतका आनंद मुलाच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नसेल.

खरी परीक्षा पुढे होती. पळता पळता पावलं मोजायची. आपण पळतो तेव्हा मिनिटाला दीडशे ते पावणेदोनशे पावलं पडतात. "एकशे सत्त्याहत्तर" तोंडात म्हणून होईपर्यंत पाय एकशे एकोणऐंशीवर गेलेले असतात. म्हणून शहाणी माणसं फक्त उजवं पाऊल मोजतात आणि दुप्पट करतात. नानाही तसंच करत होते. पण साताऱ्यात पहाटे भेटलेल्या माणसाला 'राम राम' न घालणं म्हणजे वैर घेणं.

"राम राम नाना! किती झाले?"

"एकशे बारा... राम राम... एकशे..." आणि नाना जागच्या जागी उभे. परत पहिल्यापासून. चौथ्यांदा हे झाल्यावर त्यांनी पाठीवर पुठ्ठा लावून घेतला : 'मोजणी सुरू आहे. बोलू नये.' परिणाम असा झाला की तोवर गप्प असलेले लोकही थांबून विचारू लागले, "नाना, कसली मोजणी?"

तेव्हा नानांना नैनसिंह आठवले.

नानांच्या देवघरात माईंच्या बाळकृष्णाशेजारी पंडित नैनसिंह रावत यांचं टपाल तिकीट आहे, २००४ साली निघालेलं. कुमाऊंचा हा माणूस. तिबेटात गोऱ्यांना शिरता येत नव्हतं, म्हणून इंग्रजांच्या सर्व्हे खात्यानं १८६५ साली नैनसिंहांना यात्रेकरूच्या वेषात पाठवलं. साखळी टाकणं म्हणजे मान देणं. म्हणून मोजायचं ते पावलांनी. डेहराडूनला त्यांच्याकडून पाऊल घोटून घेतलेलं, चढ असो की उतार, तेवढंच पडलं पाहिजे, मैलाला दोन हजार. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. नोंदी प्रार्थनाचक्रात दडवायच्या. असं मोजत मोजत ते काठमांडूहून ल्हासाला पोचले आणि परतही आले. पुढे १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. नाना ही गोष्ट सांगतात तेव्हा मध्ये बोललेलं चालत नाही. बाकी कुठल्याही गोष्टीची निमताना होते, हिची नाही.

दुसऱ्या दिवशी नाना जपमाळ घेऊन मैदानावर हजर. माईंची, तुळशीची. त्यातले आठ मणी काढून टाकलेले. दर दहा उजव्या पावलांना एक मणी, असा हिशेब. ओठ हलताहेत, माळ फिरतेय आणि नाना पळताहेत हे पाहून 'राम राम' घालणारे आपोआप बाजूला झाले. दोघाजणांनी तर हात जोडले. तेवीस मणी झाले आणि फेरी पुरी झाली. ४६० पावलं.

घरी मात्र माईंनी एकच प्रश्न विचारला. "तेवीस मण्यांत भागलं ना? मग माझे आठ काढले कशाला?"

"पद्धत म्हणजे पद्धत," नाना म्हणाले. हे आठ मणी पुढे त्यांच्या डाव्या खिशात वहीजवळ गेले. घाटात किलोमीटरचा दगड आला की एक मणी उजव्या खिशात.

चारशेला ४६० नं भागलं की शहाऐंशी पॉइंट शहाण्णव. आखूड निघालेले नऊ सेंटिमीटर वजा केले की चौऱ्याण्णव. बँडनं फक्त पूर्ण सेंटिमीटर घेतले, सत्त्याऐंशी. "वरचे सहा कुठून आणले यानं?" हे सहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. मी म्हणालो, जाऊ द्या. नानांनी वही काढली. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत चोवीस हजारांवर पावलं, त्याला हा फरक गुणिला, तर चौदा-पंधरा मीटर. "चौदा मीटर, लेका! एक मीटर बांधावरून लोकांनी तीन पिढ्या कोर्टात घालवल्यात."

आणि ही झाली सपाटीची गोष्ट. साताऱ्यात सपाटी आहे कुठे? घाट चढताना नानांचं पाऊल पासष्टवर येतं, उतरताना अठ्ठ्याण्णववर जातं. बँडात पळण्याचा रकाना एकच. आमच्यात पळायला येणारे एक बँकवाले म्हणाले, "सोपं आहे, बेरीज करून दोननं भागा, साडेएक्याऐंशी." नानांनी त्यांना तिथेच घाटात थांबवलं. "अंतर दोन्हीकडे सारखं आहे, पावलं सारखी आहेत का? चढाला किलोमीटरमागे पंधराशेवर, उताराला हजारावर. आखूड पावलं जास्त पडतात, त्यांचं वजन जास्त. अठ्ठ्याहत्तर येतं." मागून येणारी सगळी माणसं एव्हाना आम्हाला ओलांडून गेली होती. बँकवाले आता पर्यायी रस्त्यानं पळतात.

वळणावरचं कुत्रं मागे लागलं त्या दिवशी नानांचं पाऊल खूपच लांब पडलं असणार. पण ते मोजायचं राहिलं, याची त्यांना चावण्यापेक्षा जास्त खंत. उसेन बोल्टचं पाऊल मात्र त्यांनी मोजून ठेवलंय. २००९ साली बर्लिनला त्यानं शंभर मीटर ९.५८ सेकंदांत काढलं, एक्केचाळीस पावलांत, म्हणजे पाऊल २.४४ मीटर. "आणि बँडच्या सूत्रानं? १९५ गुणिले ०.४१५, एक्क्याऐंशी सेंटिमीटर! त्याला १२४ पावलं लागायला हवी होती." ते सूत्र चालण्याचं आहे, पळण्याचं नाही, असं मी म्हटलं. नाना म्हणाले, "ते मला नको सांगूस, बँडला सांग."

ललिता बाबरचं पाऊल मात्र नाना मोजत नाहीत. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी. "त्या शिवारात साखळी ओढलीय मी. पाणी नाही, सावली नाही." रिओला २०१६ मध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे ओलांडून. त्यात पाऊल कसं काढणार, असं मी विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिचं आहे ते बरोबर आहे." नैनसिंहांची सोडली तर निमताना न मागता नानांनी मान्य केलेली मोजणी मी पहिल्यांदा ऐकली.

एक दिवस बँडची चाचणी म्हणून तो माईंच्या हातात बांधण्यात आला. माई दिवसभर घराबाहेर पडल्या नाहीत. संध्याकाळी बँडनं भरघोस पावलं दाखवली. कणीक तिंबली, पोळ्या लाटल्या, खलबत्त्यात लसूण ठेचला, आरतीला टाळ्या वाजवल्या. हात हलला की बँडला वाटतं माणूस चालला. नाना विजयानं म्हणाले, "बघा, खोटी नोंद!"

"खोटी कशाला?" माई म्हणाल्या. "एवढं चालतेच मी ओट्यापाशी. कुणी मोजलं नव्हतं इतकंच."

नानांनी त्यावर वहीत काही लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कणीक तेच तिंबतात. पाण्याचं प्रमाण काटेकोर असतं, पोळ्या मऊ होतात.

नानांचं मोजणं कुणाला चक्रमपणा वाटत असेल, त्यांनी माझे वडील आजारी होते ते दिवस पाहायला हवे होते. कुणीही न सांगता नाना रोज येऊन बसायचे आणि ताप, लघवी, पाणी, औषधाची वेळ, सगळं रेघा मारून वहीत उतरवायचे. डॉक्टर आधी नानांची वही बघायचे, मग पेशंट. बाबांना बरं वाटायला लागल्यावर नानांनी तो तक्ता फाडून दिला, खाली सहीसकट.

डॉक्टरांनी मागे एकदा नानांनाच दिवसाला दहा हजार पावलं चालायला सांगितलं होतं. नानांनी लगेच विचारलं, हा आकडा कुणी मोजला? नातवानं शोधून सांगितलं की १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर असं ठेवलं, आणि तिथून हा आकडा जगभर गेला. नाना आठवडाभर खुशीत होते. "आकडा आधी, मोजणी नंतर! अगदी आमच्या तहसीलसारखं." उलट, मॅरेथॉनचा रस्ता आखताना सायकलनं मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून मुद्दाम हजारात एक भाग जास्त धरतात, अर्ध्या मॅरेथॉनला एकवीस मीटर, हे कळल्यावर त्यांनी कानटोपी काढली. स्वतःच्या मोजणीवर संशय घेणारं खातं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं.

दिवाळीत मुलगा आला तो उपग्रहाशी बोलणारं घड्याळ घेऊन. "नाना, आता पाऊल मोजायची भानगडच नको. हे थेट आकाशातून अंतर काढतं." नानांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं, काही बोलले नाहीत. मुलाला वाटलं, सुटलो.

काही दिवसांनी पहाटे पाच वाजता माझं दार वाजलं. दारात नाना. डाव्या मनगटावर बँड, उजव्या मनगटावर घड्याळ, काखेत टेपची गुंडाळी.

"चल. काल घाटात दोघांचं पटलं नाही. झाडीत आणि कड्याखाली घड्याळ भरकटतं, बँड वळणावर घसरतो. आज निमताना लावलीय. पक्षकार दोन्ही हजर आहेत, पंच तेवढा कमी होता."

पाठोपाठ माई फाटकापर्यंत आल्या. "अहो, जाताय ते जा. पण आधी माझे आठ मणी द्या. एकादशी आहे आज, माळ ओवायचीय."

नानांनी दोन्ही खिसे चाचपले. मणी तळहातावर काढून मोजले, पुन्हा मोजले.

"सात आहेत," ते म्हणाले. "एक घाटात पडलाय. कुठे ते माहीत आहे. तिसऱ्या वळणापासून चौऱ्याण्णव पावलांवर."

"मग उचलून आणला का नाहीत?"

नानांनी वही उघडली, पान निरखलं, चष्मा कपाळावर सारून परत निरखलं.

"चढाची पावलं की उताराची, ते लिहायचं राहिलंय."